कुमुदाची बायको

११ फेब्रुवारी

ही वही फक्त रोपांसाठी आहे. तारीख, टबाचा नंबर, किती पानं, किती फुलं. उगाच मनातलं लिहीत बसायचं नाही. मनातलं लिहायला लागले की मी ह्यांच्यावर घसरते, आणि ह्यांच्यावर घसरले की पानंच्या पानं भरतात, असा आधीच्या तीन वह्यांचा अनुभव आहे.

तर नोंद. गच्चीवर अकरा टब मांडले. पाणी ह्यांनी वाहिलं. दर बादलीला एक उसासा, असे साठेक उसासे झाल्यावर विचारलं, "ह्या वेळी नक्की ना?"

ह्या वेळी म्हणजे काय, ते मला बरोबर कळलं. मागच्या वर्षीच्या मेणबत्त्या. विकायला मांडलेल्या चाळीस मेणबत्त्या उन्हाने एकमेकींच्या गळ्यात पडल्या, त्यात माझी काय चूक? ऊन काय माझ्या हातात आहे? त्यानंतर मी आठ दिवस खोलीबाहेर आले नाही असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. सहा दिवस. सहाच.

अठ्ठावीस वर्षं मी ऑफिसात टायपिंग केलं. माझ्या कागदावर साहेबांना कधी लाल खूण करायची संधी मिळाली नाही. चुका करणारी माणसं वेगळी असतात.

रोपवाटिकेतून दोन प्रकार आणलेत. एका पिशवीवर लिहिलंय कुमुद, दुसरीवर कुमुदिनी. कुमुदाची पानं बशीएवढी, फूल दणकट. कुमुदिनीची पानं तळहातावर मावतील अशी, बदामी आकाराची, पाण्यावर पसरून पडलेली. फूल एवढंसं, पांढरं, मधे पिवळं, आणि पाकळ्यांना कापूस पिंजल्यासारखी झालर. सकाळी उमलतं, दुपारी मिटतं. थेट कमळच, पण लहान चणीचं. नावातच सगळं आलं की: कुमुद तो आणि कुमुदिनी ती. शब्दकोशात कुमुद नपुंसकलिंगी दिलंय, पण कोश लिहिणाऱ्यांनी कधी टब भरले नसणार. मी पाटी टाइप करून लावली: 'कुमुद-कुमुदिनी. जोडीनेच मिळेल.'

"जोडीने कशाला?" ह्यांनी विचारलं.

"नवऱ्याशिवाय ती फुलायची नाही."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

मग गप्प बसले. बत्तीस वर्षांत एवढं तरी शिकले.

२० फेब्रुवारी

कावळ्याने टब नंबर चारमध्ये मनसोक्त आंघोळ केली आणि कुमुदिनीची पाच-सहा पानं तोडून ठेवली. मी ती रागारागाने रिकाम्या बादलीत फेकली होती. तळाशी थोडं पाणी होतं. आज बादली उपडी करायला गेले तर प्रत्येक तुटक्या पानाच्या देठाला, जिथे फुलांचा झुबका येतो तिथेच, दोऱ्यासारखी मुळं आणि नखाएवढं नवं पान!

म्हणजे रोप विकत आणायची गरजच नाही. पान तोडा, देठाचा बोटभर तुकडा राहू द्या, पाण्यावर सोडा, आठ-दहा दिवस वाट पाहा. एका पानाचं एक रोप. मी टाकीमागे सहा ट्रे मांडले आणि त्यांत पानं सोडली.

हे धंद्याचं गुपित आहे. ह्यांनाही सांगितलेलं नाही. ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. मीटर बघायच्या नोकरीत घराघरांतलं इकडून तिकडे सांगायची सवय लागलीय. टाकीमागे काय आहे असं विचारलं तर म्हटलं, आजारी रोपांचा दवाखाना आहे, हात लावू नका, साथ पसरेल. तेव्हापासून हे त्या बाजूला पायसुद्धा टाकत नाहीत. बिचारे.

१ मार्च

आज अक्कांकडे गेलो होतो. अक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा ह्यांना अक्कांनीच वाढवलं. त्यामुळे ह्यांच्या लेखी जगात पहिल्या अक्का, मग सूर्य-चंद्र, मग मी. अक्कांचे यजमान गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून गावाबाहेरचं त्यांचं तळं त्या एकट्या सांभाळतात. माशांची पिल्लं वाढवतात आणि हंगामात दुसऱ्या तळेवाल्यांना देतात. मूलबाळ नाही. ती पिल्लं हेच त्यांचं घरदार. बोलायला बसल्या की माशांबद्दलच बोलतात, आणि माणसांबद्दल बोलल्या तर माशांशी तुलना करून.

मी एक जोडी भेट म्हणून नेली होती. फुकट. अक्कांनी भिंगातून बघावं तशी ती निरखली.

"तळ्यात चालेल ना हे? पसरणार नाही ना?"

"अहो अक्का, ती कुमुदाची बायको आहे. नवऱ्याला सोडून कुठे जाणार?"

अक्का हसल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्या माझ्या बोलण्यावर हसल्याची ही दुसरी वेळ. हे तर इतके खूष झाले की परत येताना सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. जोडी अक्कांनीच काठाच्या उथळ पाण्यात लावली.

९ मार्च

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यासाठी तीन जोड्या नेल्या. म्हणाल्या, पेशंट फुलांकडे बघत बसतात, रडत नाहीत. दोन शेजारणींनीही नेल्या. आज सकाळी दात घासताना मी गाणं गुणगुणत होते म्हणे. हे दारात उभे राहून ऐकत होते. मी पाहिलं तर म्हणाले, "थांबू नकोस."

१७ मार्च

ह्यांना फिरण्याचं खूळ लागलंय. डॉक्टरांनी सांगितलं म्हणे. पहाटे साडेपाचला उठून सायकलवर फिरायला जातात. फिरायला आणि सायकलवर! मी म्हटलं, मग पोहायला बसने जा. हसले नाहीत.

२३ मार्च

आज जे झालं ते लिहू की नको, असा विचार करत बसले. लिहिते. इथे कोण बघतंय.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या एक बाई आल्या. काठी, जाड चष्मा, आवाज मात्र वर्गातलाच. माझी पाटी वाचली आणि विचारलं, "जोडीनेच का?" मी सांगितलं. बाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. शेवटी त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"अहो, नवरा-बायको सोडाच, ही लांबची नातलगसुद्धा नाहीत. कुमुदिनीचं कूळच वेगळं. दिसते कमळासारखी, पण नातं जुळवायचंच झालं तर ती सूर्यफुलाकडची."

मी म्हटलं, मग नावात 'इनी' कशाला? त्या म्हणाल्या, नाव देणाऱ्याला विचारा. मग एकदम गंभीर झाल्या. "टबात ठेवा, हौसेने ठेवा. पण वाहत्या पाण्यात, तळ्यात कुणाला देऊ नका. उष्ण दिवसांत ती पाणी झाकून टाकते. खाली हवा उरत नाही."

पाटी काढून टाकली. दुसरी टाइप केली, त्यात 'जोडी' नाही. टाइप करताना दोनदा चुकले. मशीन जुनं आहे.

अक्कांच्या तळ्याचं काय? एकच तर रोप आहे. तीन आठवडे झाले. मला सांगायला हवं. पण सांगायचं म्हणजे, मी तुम्हाला नवरा-बायको म्हणून दिलं ते नवरा-बायको नाहीत, असं म्हणायचं. आणि समोर अक्का. उद्या सांगेन.

२४ मार्च

केला बाई फोन. सरळ विचारलं, "अक्का, ती कुमुदिनी कशी आहे? फार पसरली नाही ना?"

अक्का म्हणाल्या, "आहे. बरी आहे. तू तुझं बघ."

जीव भांड्यात पडला. मात्र 'तू तुझं बघ' म्हणायची काय गरज होती, ते कळलं नाही. चौकशी केली तर हे असं. ह्यांना सांगितलं, तर हे एवढंच म्हणाले, "अक्काचं बोलणं तसंच आहे, तू मनावर घेऊ नकोस," आणि घाईघाईने भाजी निवडायला बसले. न सांगता!

६ एप्रिल

ह्यांच्या पँटी. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि वासही असा की दोरीवर वाळत घातल्या तरी शेजारीण खिडकी लावते. विचारलं तर म्हणतात, कालव्याकडच्या वाटेने फिरतो. हातांवर कोपरापर्यंत लाल पुरळ उठलंय. मलम लावून दिलं. नखांत हिरवट काहीतरी होतं, मी टाचणीने काढलं. लहान मुलासारखे हात पुढे करून बसले होते.

मलम लावताना एकदम विचारलं, "तुझी ही कुमुदिनी ओढली तर मुळासकट येते का?"

मला इतकं बरं वाटलं! दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या कामातलं काही विचारलं. म्हटलं, "नाही, पानं तुटून हातात येतात."

"आणि तुटलेलं पान? ते मरतं ना?"

गुपित ते गुपित. म्हटलं, "तुटलं की संपलं."

"बरं झालं," म्हणाले.

२१ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. टाकीमागच्या माझ्या दवाखान्यातल्या एका ट्रेमध्ये चाळीस रोपं झाली. आता ट्रे पुरेनात. वीस जणांनी नावं नोंदवलीत.

अक्कांचा फोन आला होता, पण माझ्यासाठी नाही. हे आंघोळीला गेले होते म्हणून मी घेतला. म्हणाल्या, "त्याला जरा घरी धरून ठेव. वय झालंय. किती राबेल माणूस!" म्हणजे काय, मी राबवते? बादल्या वाहून दोन महिने झाले! टोमणा मारायला हिला बरोबर वेळ सापडते. मी फोन ठेवला. आपटला म्हटलं तरी चालेल.

३ मे

आज सरळच विचारलं. "रोज अक्कांकडे जाता ना? माझ्या चहाड्या करायला?"

हे चहा पीत होते. कप खाली ठेवला. "तुझ्या चहाड्या करायला एक सकाळ पुरत नाही," म्हणाले. हसवायचा प्रयत्न होता, पण डोळे हसत नव्हते. बारीक झालेत. पट्ट्याला घरच्या घरी खिळ्याने एक भोक पाडलंय, ते मला आज दिसलं. काहीतरी लपवतायत. दुखणं तर नसेल? डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणाले, थोडे दिवस थांब, संपत आलंय.

काय संपत आलंय?

१४ मे

पहाटे पावणेसहाला फोन वाजला. हे नुकतेच बाहेर पडले होते. अक्का.

"निघाला का तो?"

"कुठे निघाला का?"

अक्का म्हणाल्या, "आता राहू दे ते. मासे वर आलेत. तूही ये. बादल्या, चाळण्या, असेल ते घेऊन ये."

मिळेल त्या गाडीने गेले. अक्कांनी फाटकाचं कुलूप आधीच काढून ठेवलं होतं. आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं मी चुकून दुसरीकडे आले. पाणी कुठेच नव्हतं. ह्या काठापासून त्या काठापर्यंत बदामी पानं, एकावर एक चढलेली, आणि ऊन वर आलं तशी त्यांच्यातून पांढरी फुलं उमलत होती. शेकडो, हजारो. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही, आणि मला ओकारी आली.

पानांच्या फटींतून माशांची तोंडं वर आली होती. उघडत होती, मिटत होती. आवाज येत होता त्याचा, बारीक चुटचुट असा. पिल्लं तर पानांवरच येऊन पडली होती, चमच्याने वाढल्यासारखी.

हे कमरेएवढ्या पाण्यात होते. मी पुसायला काढलेला जुना चौकड्यांचा शर्ट अंगात. दोन्ही हातांनी पानं ओरबाडत होते आणि काठावर फेकत होते. काठावर वाळलेल्या पानांचे ढीग होते. एक-दोन दिवसांचे नाहीत, दोन महिन्यांचे. सगळ्यांत खालचे पार काळे पडलेले. मला पाहिलं तेव्हा चोरी पकडल्यासारखा चेहरा केला, आणि परत ओरबाडायला लागले.

मी ओरडणार होते, तोडू नका म्हणून. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात पायाशी पाण्यावर एक सुटं पान दिसलं. वाकून उलटं केलं. देठाशी मुळं, दोऱ्यासारखी. नखाएवढं नवं पान. शेजारचं उचललं. त्यालाही. त्याच्या पलीकडचं, त्यालाही. ह्यांच्या मुठीतून निसटलेलं प्रत्येक पान रोप झालं होतं. रोज सकाळी दोन तास, साठ दिवस, माझा नवरा अक्कांच्या तळ्यात कुमुदिनीची लागवड करत होता. टाकीमागचे माझे सहा ट्रे, तसंच हे, फक्त अख्खं तळं.

मी ओरडले नाही. चाळणी घेतली आणि पाण्यात उतरले.

अक्का पलीकडच्या काठाला होत्या. जिवंत मासा दिसला की ओंजळीत धरून टाकीत सोडायच्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. दुपारपर्यंत मोठे काही वाचले. पिल्लं सगळी गेली. फुलंही मिटली.

१५ मे

हे बोलले. मी विचारलं नव्हतं.

"अक्काने मार्चच्या मध्यालाच सांगितलं, हे वाढतंय. मी म्हटलं, मी काढतो, तिला नको सांगूस. मेणबत्त्यांनंतर तू वर्षभरात पहिल्यांदा गात होतीस. अक्का म्हणाली, काढ बाबा, मी नाही बोलत."

जिला मी आठ आठवडे वहीत धुतलं, ती माझं गाणं थांबू नये म्हणून तोंड मिटून बसली होती? नाही, माझ्यासाठी नसणार. भावासाठी.

मग हे म्हणाले, "मला एकच कळत नाही. मी रोज काढायचो आणि रोज ते जास्त व्हायचं. जेवढं जास्त काढायचो तेवढं जास्त." आपल्या हातांकडे बघत होते. पुरळाच्या जागी आता भेगा पडल्यात. "माझंच काही चुकलं का गं? अक्काची पिल्लं माझ्यामुळे तर नाही गेली?"

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी म्हटलं.

कालपासून जेवलेले नाहीत. अक्कांनी वाढवलेला माणूस. त्याला कसं सांगू, की हो, तुमच्या हातांनीच गेली? मीच खोटं सांगितलं होतं, तुटलं की संपलं. दोष माझाच आहे, ते मला दिसतंय, मी काही आंधळी नाही. पण मी दोष घेतला म्हणून ह्यांचे हात सुटतात का? लावलं कुणी, हे कळल्यावर माणूस खोटं कुणाचं होतं ते विचारत बसत नाही. रोज सकाळी उठून ह्यांना तेच आठवेल.

सगळे ट्रे उपडे केले. पानं उन्हात टाकली. पाण्याचा थेंबही मिळू दिला नाही.

१७ मे

हे माझ्याशी बोलत नाहीत. साधं रागावणं नाही, ते मला माहीत आहे, त्यात दारं आपटतात. हे वेगळं आहे. ताट समोर ठेवलं तर जेवतात, उचलून ठेवतात, आणि मी खोलीत आले की उठून गच्चीत जातात. पण जेवतायत. आज दोन पोळ्या जास्त घेतल्या.

झालं ते असं. सकाळी तळ्यावर खात्यातला माणूस आला, तळ्यांची तपासणी करणारा. तळं उपसायचं, वाळवायचं, मग पुढच्या हंगामाला पुन्हा भरता येईल म्हणाला. अक्का मान हलवत होत्या. हे शेजारी उभे होते, हात मागे बांधून. तो माणूस काठाने फिरला, ढीग पाहिले, वाकला आणि एक सुटं पान उचललं.

"दोन-अडीच महिन्यांत एवढं? एका रोपाचं?" तो म्हणाला. "हे काढत कोण होतं?"

"मी," हे म्हणाले.

"कसं काढत होता? म्हणजे मुळापासून, की..." आणि त्याने ते पान उलटं करायला घेतलं.

मी पुढे झाले. काय बोलणार ते ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं. "एका रोपाचं नाही. मी आणून टाकत होते. गच्चीवरचे टब साफ केले की जास्तीची रोपं उरायची. फेकायला जीव होईना. मग इथे आणून सोडायची. बादलीच्या बादली."

तो माणूस माझ्याकडे बघत राहिला. "बाई, तुम्हाला काही अक्कल?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे," असं म्हणून त्याने ते पान टाकून दिलं, हात झटकले, वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडीवर बसून निघून गेला.

ह्यांचा चेहरा मला लिहिता येणार नाही. बत्तीस वर्षांत मला हे कधी 'तू' सोडून काही म्हणाले नव्हते. आज म्हणाले, "मी ह्या बाजूने काढत होतो आणि तुम्ही त्या बाजूने टाकत होतात?" तुम्ही! परक्या बाईशी बोलावं तसं.

मी मान खाली घातली. काय करणार, वर बघितलं असतं तर खरं बाहेर आलं असतं.

मग त्यांच्या लक्षात आलं. मीटर बघणारा माणूस, आकडा जुळला नाही तर दार सोडत नाही. अक्कांकडे वळले. "पण फाटकाला कायम कुलूप असतं. किल्ली तुझ्या कमरेला. ही आत आली कशी?"

कुलपाचा मी विचारच केला नव्हता. संपलं, म्हटलं. आता हे पुन्हा विचारायला लागणार, त्या माणसाला गाठणार, पानाबद्दल ऐकणार.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मग खाली वाकल्या, त्या माणसाने टाकलेलं पान उचललं, उलटं केलं, बघितलं, आणि मुठीत चुरगाळलं.

"मीच उघडायचे दार," त्या म्हणाल्या. "तू गेलास की यायची ही. तुला सांगू नका म्हणाली, म्हणून नाही सांगितलं. रागवायचं असेल तर माझ्यावरही रागव."

हे आम्हा दोघींकडे एकेकदा बघून सायकल घेऊन चालायला लागले.

मी अजून विचार करतेय. मी तर ह्यांच्या माघारी एकदाही त्या तळ्यावर गेले नाही! पहिल्या मार्चला गेले ती ह्यांच्याबरोबर, आणि मग थेट चौदा तारखेला. ही बाई दार कुणाला उघडत होती? पिल्लं गेल्याचा डोक्यावर परिणाम झाला म्हणावं, तर बोलणं अगदी स्वच्छ होतं. मग एकच राहतं. मी त्यांना इतकी नकोशी झालेय, की मी न केलेल्या गुन्ह्याचीही साक्ष द्यायला तयार झाल्या. करा म्हणावं. माझी काही हरकत नाही. आज त्यांचं खोटं माझ्या पथ्यावर पडलं एवढं खरं.

निघताना मी म्हटलं, "येते, अक्का." त्यांनी मला विहिरीवर नेलं, कठड्यावर बसवलं, आणि स्वतः खाली बसून माझ्या पायांवर पाणी घालायला लागल्या. मी पाय मागे घेतले, तर घोटा घट्ट धरला. सत्तरीच्या बाईची पकड अशी! चिखल वाळला होता, तो बोटांच्या बेचक्यांतून एकेक करून काढला. दोन्ही पायांचा. मग पदराने पाय पुसले आणि म्हणाल्या, "जा. तो फार पुढे गेला नसेल."

तळ्यातला चिखलसुद्धा मी घरी न्यायला नको, दुसरं काय.